नायजेरियाच्या स्टॉलवरची झारा

झारा सिद्दी नायजेरियाची नाही, हे तिला ओळखणाऱ्या बहुतेक सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त शारजातल्या एका शाळेच्या लायब्ररीत दर शनिवारी जमणाऱ्या सात-आठ जणांना. आणि नेमकं त्यांच्यातच जाऊन बसावं, असं तिला अलीकडे फार वाटू लागलं होतं.

ती मुरुडची. वडील मुनीर मुरुडचे, आई हव्वाबी शेजारच्या राजपुरीची, झाराचा जन्म मात्र शारजातला. मुनीर इथल्या बंदरात टगबोटीवर होते. मोठी जहाजं ढकलून, ओढून धक्क्याला लावायची, असं ते काम. त्यांचे पूर्वज कधीकाळी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून कोकणात आले, कोणी खलाशी म्हणून, कोणी शिपाई म्हणून, कोणी विकले जाऊन. मग तिथल्या पाण्यातल्या किल्ल्यावर त्यांच्यातल्याच काहींचं राज्यही झालं. मुनीरना यातलं फारसं सांगता यायचं नाही. त्यांना सांगता यायचं ते मुरुडच्या बाजारात कोणत्या वेळी कोणती मासळी येते ते. घरात भाषा मराठी, तीही किनाऱ्यावरची.

झाराचा रंग गडद, केस बारीक कुरळे, बांधा उंच आणि सरळ. पाहणाऱ्याच्या मनात आधी आफ्रिका येते, आणि तिने तोंड उघडलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. कॉलेजसाठी ती मुंबईला गेली, तेव्हा प्रवेशाच्या पहिल्याच दिवशी कारकुनाने तिला परदेशी विद्यार्थ्यांच्या खिडकीवर पाठवलं. तिने भारताचा पासपोर्ट पुढे केला, तर त्याने तो उजेडात धरून पाहिला. हॉस्टेलमधल्या मुली कौतुकाने म्हणायच्या, "किती छान मराठी बोलतेस गं. किती वर्षं झाली तुला इथे येऊन?" एकदा वैतागून ती म्हणाली, "चारशे." त्या मुलीला ते कळलं नाही. तिने फक्त मान हलवली आणि "वाव" म्हणाली.

पदवी घेऊन झारा परत आली आणि दुबईच्या जबल अली बंदरात एका माल वाहतुकीच्या कंपनीत कस्टमच्या कागदपत्रांचं काम करू लागली. आता सदतीस वर्षांची आहे. लग्न दोनदा जमत आलं आणि दोनदा विरलं. मुनीर जाऊन सहा वर्षं झाली. अल नहदाच्या एका टॉवरमध्ये सोळाव्या मजल्यावर ती आणि हव्वाबी राहतात. ऑफिसात ती हळू बोलते, वेळेवर येते, आणि कोणी "व्हेअर आर यू रिअली फ्रॉम" विचारलं की समोरच्याला घाई आहे की निवांत आहे हे पाहून उत्तर देते. घाई असेल तर "इंडिया". निवांत असेल तरी "इंडिया", कारण मग पुढचे प्रश्न येतातच.

नायजेरियाचं प्रकरण सुरू झालं ती पाचवीत असताना.

इथल्या खासगी शाळांत इंटरनॅशनल डे नावाचा एक मोठा दिवस असतो. पटांगणात देशादेशांचे स्टॉल लागतात, आया घरून पदार्थ करून आणतात, मुलं आपापल्या देशाचे कपडे घालून आपापल्या स्टॉलमागे उभी राहतात. भारताच्या स्टॉलवर नेहमीच तुंबळ गर्दी. त्या गर्दीत झारा हिरवा परकर-पोलका घालून एका कडेला उभी होती. तिच्या वर्गशिक्षिका प्रेमळ होत्या, आणि त्या दिवशी फार धावपळीत होत्या. त्यांनी झाराचा हात धरला, "डार्लिंग, युअर पीपल आर वेटिंग फॉर यू," म्हणाल्या, आणि तिला नेऊन नायजेरियाच्या स्टॉलवर उभं केलं. तिथे दोनच मुली होत्या.

झारा तिथेच उभी राहिली. शिक्षकांना सगळं माहीत असतं अशी तिची समजूत होती. तिला वाटलं, अब्बांनी आपल्याला सांगायचं राहून गेलं असेल.

त्या दोन मुलींपैकी एक चिदिन्मा. तिच्या आईने झाराकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं, आपल्या पिशवीतून निळं चमकदार कापड काढलं आणि तिच्या डोक्याला ताठ, उंच फेट्यासारखं बांधून दिलं. मग ताटलीत लाल भात आणि कोंबडी वाढली. दिवसभर झारा त्या टेबलामागे उभी राहून लोकांना भात वाढत होती. एकानेही तिला विचारलं नाही की तू इथे कशी.

घरी येऊन तिने विचारलं, "अब्बा, आपण नायजेरियाचे का?"

मुनीर खोकला येईपर्यंत हसले. हव्वाबी हसली नाही. "मास्तरणीला सांगायचं नाय व्हय?"

"जेवण छान होतं," झारा म्हणाली.

पुढच्या वर्षी तिला कोणी नेलं नाही. ती आपणहून तिथे गेली. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग चिदिन्माचं कुटुंब अबुधाबीला गेलं, नायजेरियाचा स्टॉलच उरला नाही, आणि आठवीपासून झारा इंटरनॅशनल डेला घरी राहू लागली.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होत आली. गेल्या सप्टेंबरात तिच्या फोनवर तमादुरचा मेसेज आला. तमादुर सुदानची, झाराच्याच वर्गातली. आता अबुधाबीत औषधांच्या दुकानाची प्रमुख आहे, आणि शाळेत होती तशीच हुकमी आहे. तिने लिहिलं होतं, की आपल्या शाळेत हल्ली खूप काळी मुलं आहेत, सुदानमधल्या लढाईनंतर तर आणखी आली आहेत. त्यांना काय काय ऐकावं लागतं ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या वेळी आपल्याला कोणी मोठं माणूस नव्हतं. आपण आता मोठे झालोय. दर शनिवारी दोन तास, शाळेच्या लायब्ररीत. प्रत्येकाने एकेक मूल सांभाळायचं. आणि खाली ग्रुपमधल्या सगळ्यांसाठी: "शेवटी आपली नायजेरियन बहीण झाराही सापडली. वेलकम, हबीबती."

त्याखाली टेबलामागचा तो जुना फोटो. तीन मुली, तीन उंच निळे फेटे, मधली झारा.

झाराने उत्तर टाइप केलं, "थँक यू, पण एक सांगायचं होतं," आणि थांबली. मग ते पुसून नुसतं "थँक यू" पाठवलं.

दुसऱ्या दिवशी गाडीत तिने हे हेमाला सांगितलं. हेमा डोंबिवलीची, त्याच टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर राहणारी. दोघी हेमाच्या गाडीतून रोज जबल अलीला जातात आणि शारजा-दुबईच्या सीमेवरच्या ट्रॅफिकमध्ये त्यांच्या सगळ्या गप्पा होतात.

"अगं मग सांगून टाक ना, खलास," हेमा म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"सांगितलं तर म्हणतील, मग तू कशाला येतेस."

"तू कशाला जातेस पण? तू काय ब्लॅक आहेस का?" विचारून हेमाने झाराकडे पाहिलं, मग समोर पाहिलं, मग पुन्हा झाराकडे. "म्हणजे... थांब. आहेस का?"

"मला काय विचारतेस?"

"मग कोणाला विचारू? आमच्या मंडळाच्या गणपतीत तू मोदक वळतेस. मला कधी असा प्रश्नच पडला नाही." हेमाने पुढच्या गाडीला उगाच हॉर्न दिला. "छे, डोक्याचा पार भुगा झाला. सकाळी सकाळी काय काढतेस गं."

झारा शनिवारी गेली. एकदा जाऊन पाहू, आणि तिथे तोंडावर सांगून येऊ, असं ठरवून गेली. लायब्ररीत शिरल्यावर तमादुरने तिला मिठी मारली आणि विचारलं, "चहा की कॉफी?" चिदिन्मा होती. तिने झाराचे दोन्ही खांदे धरून तिला हलवलं आणि नुसतीच हसत राहिली. घानाचा कोजो होता, झाराच्या मागच्या वर्गातला, आता विमानतळावर इंजिनिअर. त्याने खुर्ची ओढून दिली. पुढचे दोन तास मुलांचे प्रश्न, अभ्यास, केसांवरून शेरे मारणारा एक मुलगा, त्याच्या आईशी कोणी बोलायचं, अशा गोष्टींत गेले. घरी परतताना झाराच्या लक्षात आलं की आज तिला कोणीही, तू कुठली, असं विचारलेलं नाही. सदतीस वर्षांत असे दोन तास आधी कधी गेल्याचं तिला आठवेना. सांगायचं राहून गेलं होतं. पुढच्या शनिवारी सांगू, असं तिने ठरवलं.

पुढच्या शनिवारी तमादुरने तिच्यासमोर एक मुलगी आणून बसवली.

"ही ईशानी ओतिएनो. सहावीत आहे. वडील केनियाचे, आई इंडियन. तुझं हिंदी सगळ्यात चांगलं आहे, म्हणून ही तुला."

ईशानीचे वडील समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करायचे, महिना महिना घरी नसायचे. आई सुचित्रा, मूळची पुण्याची, एका क्लिनिकमध्ये हिशेब पाहायची. ती मुलीबरोबर आली होती, नीट इस्त्रीचा कुर्ता, हातात पाण्याची बाटली आणि डबा. तिने झाराकडे पाहून नमस्कारासारखं काहीतरी केलं आणि मुलीला मराठीत म्हणाली, "बस इथे. तासभर काढ. नाही जमलं तर पुढच्या आठवड्यात येऊ नको. या नायजेरियाच्या बाईंना आपलं घर काय कळणार, पण माणूस बरं दिसतंय."

आता मराठीत बोलावं तर सगळंच सांगावं लागेल, आणि तमादुर तीन हातांवर उभी होती. झारा हिंदीत म्हणाली, "आप फिक्र मत कीजिए."

"हिंदी छान आहे गं यांचं," सुचित्रा मुलीला म्हणाली.

झालं, तेच चालू राहिलं. दर शनिवारी सुचित्रा यायची, मुलीला सोडायची, घ्यायला यायची, आणि झारासमोर उभी राहून मुलीशी मनमोकळं बोलायची. बाई वेळेवर येतात. बाईंनी आज केस वेगळे बांधलेत, तुलाही तसे बांधता येतील का विचार, नको, राहू दे, मीच यूट्यूबवर बघते. बाईंचा आजचा ब्लाउज जरा घट्टच आहे. बाईंचं लग्न झालेलं दिसत नाही. त्यांच्यात काय पद्धत असते कोण जाणे. झारा शेजारी उभी राहून रिकाम्या चेहऱ्याने पुस्तकं आवरायची. घरी येऊन हव्वाबीला सांगायची. हव्वाबीला त्यातल्या लग्नाच्या मुद्द्यात जास्त रस असे.

"ती बाई परकी. तरी तिला दिसलं," हव्वाबी म्हणायची. "माझ्या पोरीला दिसना."

"अम्मी, मुद्दा तो नाही."

"मुद्दा मंग काय हाय? सांगून टाक जा. नाव मुनीर सिद्दीचं लावतेस आन दुसऱ्याच्या ताटात जेवतेस." मग जरा वेळाने, "पण जेवण बरं आस्तंय का तितं?"

ईशानी बोलायची कमी. मराठी तिला येत होतं, पण उत्तरं इंग्रजीत द्यायची. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी ती अपूर्णांकांची गणितं करत होती. सातचा पाढा तिने ओठांत म्हणायला घेतला, शाळेतला नाही, आईचा. "सात चोक अठ्ठावीस, सात पाचा पस्तीस, सात सक..." आणि अडली.

"बेचाळीस," झारा म्हणाली.

मुनीरनी तिला पाढे टगबोटीच्या डेकवर शिकवले होते, लाटेच्या तालावर. ते उत्तर तिला न विचारताच बाहेर पडलं.

ईशानीने पेन्सिल खाली ठेवली. "व्हॉट डिड यू से?"

"बयालीस," झारा म्हणाली.

"नो. यू सेड बेचाळीस." ती झाराकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी आनंद आला आणि मग काहीतरी हिशेब सुरू झाला. "यू नो मराठी. यू अंडरस्टुड एव्हरीथिंग आई सेड. ओ माय गॉड, त्या ब्लाउजचं पण?"

"ते पण."

ईशानीने दोन्ही हात तोंडावर दाबले. झारालाही हसू आलं. हळू आवाजात, मराठीत, तिने मुलीला सगळं सांगितलं. मुरुड, अब्बा, ती वर्गशिक्षिका, फेटा, भात. आपण हे कोणाला तरी पहिल्यांदाच पूर्ण सांगतोय आणि ते अकरा वर्षांच्या मुलीला, हे तिला सांगतानाच जाणवत होतं.

ईशानीने सगळं ऐकून घेतलं. मग तिने आपलं सांगितलं. मागच्या वर्षी ती भारताच्या स्टॉलवर होती. एका सरांनी तिला केनियाच्या स्टॉलवर नेलं. तिथल्या मुलांनी तिला स्वाहिलीत काहीतरी विचारलं, तिला ते कळलं नाही, ती मुलं हसली. ती परत भारताच्या स्टॉलवर आली, तर तिथे तिची जागा भरली होती. मग ती डब्याच्या वेळेपर्यंत बाथरूममध्ये बसून राहिली. यंदाचा इंटरनॅशनल डे दोन आठवड्यांवर आला होता, आणि त्या दिवशी आपल्याला ताप येणार आहे, असं तिने ठरवून ठेवलं होतं.

"बट युअर आयडिया इज बेटर," ती म्हणाली.

"माझी कसली आयडिया?"

"कुठेही उभं केलं की उभं राहायचं. कोणी काही विचारलं की फक्त स्माइल. मीन्स, ज्यांना जे वाटतं ते वाटू दे. तू किती वर्षं केलंस? इट वर्क्ड, ना?"

ते चाललं होतं खरं. पंचवीस वर्षं चाललं होतं, आणि इतकं चाललं होतं की आता खरं बोललं तर ही खोली हातची जाणार होती. पण समोर ही मुलगी वहीवर नजर ठेवून, रिकाम्या चेहऱ्याने हसण्याचा सराव केल्यासारखी ओठ ताणून बघत होती, आणि ते हसू झाराला ओळखीचं होतं. ऑफिसच्या लिफ्टच्या आरशात रोज दिसायचं.

"नाही," ती म्हणाली. "चांगली आयडिया नाही ती."

"मग कुठली चांगली?"

"ते मला माहीत नाही."

तो तास संपला. मुलं पुस्तकं भरत होती, तमादुर कप गोळा करत होती, पालक दाराशी येऊ लागले होते. झारा उठून उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "मला सगळ्यांना एक सांगायचंय. मी नायजेरियाची नाही."

कोजोला वाटलं काही गंमत आहे. "मग काय घानाची आहेस? तरी मी म्हणत होतो."

"मी भारताची आहे. आई, वडील, दोघंही. आम्ही मराठी बोलतो. पाचवीत मिसने मला चुकून त्या स्टॉलवर नेलं आणि मी कधी सांगितलं नाही."

आणि मग, सुचित्रा दारातच उभी होती म्हणून, तिने तेच मराठीत सांगितलं. आधी इंग्रजी ऐकून सुचित्रा अवाक झाली होती. आता मराठी ऐकून तिचा चेहरा लाल होऊ लागला.

"म्हणजे दीड महिना तुम्ही ऐकत होतात?"

"हो."

"मी ते लग्नाचं... आणि तुमच्या त्या ब्लाउजचं..."

"ब्लाउज खरंच घट्ट होता," झारा म्हणाली. "माफ करा."

"माफ काय करा. अहो, मला किती कानकोंडं वाटतंय. एक शब्द बोलला असतात तर." सुचित्राने ईशानीची बॅग उचलली, पुन्हा खाली ठेवली, पुन्हा उचलली. "चल गं तू."

तमादुर कप हातात घेऊन तशीच उभी होती. "एक मिनिट. म्हणजे तू ब्लॅक नाहीस?"

"मला माहीत नाही," झारा म्हणाली. "आमचे लोक आफ्रिकेतूनच आले. पण चारशे वर्षं झाली. कदाचित जास्त. कुठल्या गावातून ते कोणालाच ठाऊक नाही."

"मग आहेस की," कोजो म्हणाला.

"चारशे वर्षांनी?" तमादुर म्हणाली.

"मग किती वर्षांनी संपतं ते? दोनशे?"

"मी तसं म्हणत नाहीये. माझीच आजी म्हणायची की आम्ही अरब. खार्तुममध्ये मला कोणी काळी म्हटलं असतं तर तिने चप्पल काढली असती. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी बसमध्ये कळलं." तमादुरने कप टेबलावर ठेवले. "मला आता काहीच कळेनासं झालंय. मी या ग्रुपसाठी शाळेची परवानगी घेतली तेव्हा सगळं किती सोपं वाटत होतं."

चिदिन्मा उठली. तिने पर्स उचलली. "माझ्या घरात तो फोटो भिंतीवर आहे," ती झाराला म्हणाली. "माझ्या मुली विचारतात, मधली कोण, तर मी सांगते की शाळेत आम्ही तिघी होतो. या अख्ख्या शाळेत आम्ही तिघी नायजेरियन होतो, हे मला किती धीराचं वाटायचं तुला माहीत नाही. आणि आता तू म्हणतेस, आम्ही दोघीच होतो." ती निरोप न घेता निघून गेली.

त्या आठवड्यात ग्रुपवर शुकशुकाट होता. झाराने ऑफिसात एका कंटेनरच्या कागदांवर चुकीचं बंदर लिहिलं, जे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. हेमा गाडीत म्हणाली, "बघ, सांगितलंस ते बरंच केलंस. वाईट केलंस असंही वाटतं. मला विचारू नको." घरी हव्वाबी तांदळाच्या भाकऱ्या थापत बसली होती. झाराने तिला चिदिन्माचं बोलणं सांगितलं.

"तिच्या आईला ठाऊक व्हतं," हव्वाबी भाकरी उलटत म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"आपून इंडियाचं म्हून. दुसऱ्या वर्षाला मी जाऊन सांगून आले व्हते. सुकटीचा डबा घेऊन गेले. मला तिची भाषा येत नव्हती, तिला माझी. पासपोर्ट दावला. ती हसली. म्हनली, नो प्रॉब्लेम, गुड गर्ल. सुकट खाल्ली का टाकली ते काय कळलं नाय."

"अम्मी, मग तू मला का नाही सांगितलंस?"

"तू कुटं इचारलंस?" हव्वाबीने तिच्याकडे पाहिलं. "आन तू तितं सुखी दिसत व्हतीस. मी कशाला मोडू."

झाराने ते जसंच्या तसं चिदिन्माला लिहून पाठवलं. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

शनिवारी जावं की नाही, हे तिला गाडी शाळेसमोर उभी करेपर्यंत ठरवता आलं नाही. उभी केल्यावरही ती आत बसून राहिली. फाटकाशी सुचित्रा आणि ईशानी उभ्या होत्या. सुचित्राने तिला पाहिलं आणि जवळ आली. काच खाली झाल्यावर ती थोडी आखडून म्हणाली, "ही म्हणते तुम्ही आलात तरच ती आत येणार. मी अजून रागावलेलीच आहे, पण तो माझा प्रश्न आहे. या."

तिघी आत गेल्या. लायब्ररीत तमादुर एका नव्या जोडप्याशी बोलत होती. त्यांच्याबरोबर त्यांच्या जुळ्या मुली, युगांडातून नुकत्याच आलेल्या. चिदिन्मा आली होती. तिने झाराकडे पाहिलं, बघत राहिली, हसली नाही. पण शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. झारा त्या खुर्चीवर बसली.

"आई म्हणते, सुकट तिने सूपमध्ये घातली होती," चिदिन्मा समोर बघत म्हणाली. "तिला सगळं आठवतंय. मलाच कोणी काही सांगत नाही."

"मलाही," झारा म्हणाली.

तमादुर नव्या पाहुण्यांना एकेकाची ओळख करून देऊ लागली. "मी सुदानची. हा कोजो, घाना. ही चिदिन्मा, नायजेरिया. आणि ही झारा..." ती थांबली. तमादुरने कपाळ चोळलं.

"झारा तुम्हाला स्वतःच सांगेल," ती म्हणाली. "त्याला जरा वेळ लागतो. बसा ना तुम्ही."

पाहुणे बसले. झाराने समोरच्या चार अनोळखी चेहऱ्यांकडे पाहिलं. त्यांना घाई नव्हती. "माझं गाव मुरुड," ती म्हणाली.

"ते कुठे आहे?" जुळ्यांच्या वडिलांनी विचारलं.

"इंडियात," कोजो म्हणाला.

"बॉम्बेजवळ," तमादुर म्हणाली.

"समुद्रात एक किल्ला आहे, त्याच्या बाजूला," ईशानी म्हणाली, आणि मग आईकडे वळून मराठीत, "बरोबर ना? का किल्लाच गाव आहे?"

"मला काय माहीत," सुचित्रा म्हणाली. "मी आयुष्यात कधी गेले नाहीये. अहो झाराताई, सांगा ना तुम्हीच नीट, आधीपासून."